वाऱ्याचे वकील

वकीलकाकांकडे कोणीही, कसलंही काम घेऊन गेलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "वारा कुठून होता?" बांध कोरल्याची तक्रार असो, भावाभावांतल्या वाटण्या असोत, नाहीतर बैल परस्पर विकल्याचं भांडण असो, आधी वारा. सकाळच्या पहिल्या एसटीनं विंझरहून भोरला आलेला, वाटभर आपली कैफियत मनात घोळवत बसलेला माणूस त्या प्रश्नानं पार बावचळून जायचा. "वारा व्हय? कंचा वारा, सायेब?" मग काका शांतपणे विचारत, तुम्ही तेव्हा कुठं उभे होता, तोंड कुणीकडं होतं, डोक्यावरची टोपी हलत होती का. माणूस आठवू लागे, आणि आठवता आठवता जे सांगायचं नाही असं ठरवून आलेला असे, तेही सांगून मोकळा होई. काकांचं म्हणणं होतं, "लोक भांडण पाठ करून येतात. वारा कुणी पाठ करून येत नाही."

या सवयीचं मूळ गंजीच्या एका खटल्यात होतं. सारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याची कडब्याची गंजी जळाली. शेजाऱ्यानं बांधावरचं गवत पेटवलं आणि तिथली ठिणगी उडून आली, असा त्याचा आरोप होता. काका त्या शेजाऱ्याचे वकील. उलटतपासात त्यांनी सहज विचारलं, त्या दुपारी टोपी सांभाळावी लागली का? फिर्यादी खुलला. "लई वारं हुतं सायेब, माजी टोपी पार नदीकडं गेली." आता नदी होती बांधाच्या पलीकडे. म्हणजे वारा गंजीकडून बांधाकडे वाहत होता आणि ठिणगी उडाली असती तरी ती गंजीपासून लांबच गेली असती. शेजारी सुटला. त्या दिवसापासून बाररूममध्ये काकांचं नाव 'वाऱ्याचे वकील' पडलं. चिडवायला ठेवलेलं नाव, पण काकांना ते मनापासून आवडायचं.

गंमत अशी, की या वाऱ्याच्या वकिलांना वास म्हणून येत नसे. तरुणपणापासून ओढलेल्या तपकिरीनं नाक कामातून गेलं होतं. आत दूध करपून गल्लीच्या टोकापर्यंत वास सुटावा आणि बाहेरच्या खोलीत काका फाईलमध्ये डोकं घालून निवांत बसलेले असावेत, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. काकू पदरानं भांडं उतरवत म्हणायच्या, "अख्ख्या तालुक्याला वारा विचारतात, घरात काय जळतंय ते मात्र मी सांगायचं." काका मान वर न करता म्हणत, "म्हणून तर विचारतो. मला कळलं असतं तर विचारलं कशाला असतं?"

मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं, लगेच विसरले, गाव विचारलं आणि ते मात्र लक्षात ठेवलं. आमचं गाव वेल्ह्यात, विंझरच्या पुढे, डोंगराला लागून. वडील, म्हणजे आमचे आबा, भातशेती करतात. काकांनी मला जे 'वेल्हेकर' करून टाकलं ते कायमचं. संध्याकाळी कोर्टातून आले की काळा कोट खुंटीला अडकवत म्हणत, "दमलो गं, वेल्हेकर." आणि खुर्चीत टेकायच्या आत दुसरी फाईल ओढत. ती नुसती बोलायची सवय आहे असं मला बरीच वर्षं वाटलं. माणूस खरोखरच दमलेला होता. पण दमणं आणि थांबणं या दोन गोष्टींचा काही संबंध असतो, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

त्यांना पुरतं दमवलं ते एका प्रकरणानं. वरवे बुद्रुकच्या सुमनताई एक दिवस ऑफिसात आल्या. त्यांच्या घराच्या कुंपणाला लागून जुन्या टायरांपासून तेल काढायचा एक कारखाना उभा राहिला होता. बाई बोलायला लागल्या तर मध्येच थांबून श्वास घ्यायच्या. नवरा तर खाटेवरच होता, चार पावलं टाकली की धाप लागायची. "डाक्टर म्हनत्यात जागा बदला," त्या म्हणाल्या. "जागा कशी बदलायची, सायेब? घर हितं, जमीन हितं. आमी काय भाडेकरू हाय व्हय?"

काकांनी सवयीनं विचारलं, वारा कुठून असतो? फक्त याच बाईंनी बावचळून न जाता उत्तर दिलं. "सकाळी पडलेला. दुपारी डोंगराकडनं येतो. दिवस मावळला की पुन्यांदा पडतो, मग धूर घरातच मुक्कामाला." काकांनी तपकिरीची डबी मिटून खिशात टाकली. त्यांनी डबी मिटली की केस घेतली, हे मला तोवर कळू लागलं होतं.

अर्ज, स्मरणपत्रं, हेलपाटे, पुन्हा अर्ज, असं बरंच झाल्यावर वरव्याच्या शाळेच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र बसलं. आम्हाला वाटलं, जिंकलो. यंत्र खोटं बोलणार नाही. वर्ष सरलं, अहवाल आला आणि त्यात लिहिलं होतं की वरव्याची हवा मर्यादेत आहे. सुमनताईंनी तो कागद उलटा करून पाठीमागून पाहिला, जणू खरं काही असलंच तर तिकडे असेल. मग काकांनी नियमांची पुस्तिका मागवली आणि दुपारचं जेवण टाळून ती वाचली. तिच्यात एक कलम होतं. एखादी नेहमीची नसलेली घटना घडली आणि तिच्यामुळे हवा बिघडली, तर त्या दिवसाचं मोजमाप वर्षाच्या सरासरीतून वगळता येतं. कारखान्यानं या कलमावर बोट ठेवून जवळजवळ सगळा उन्हाळा वगळून घेतला होता. कारणं दोन दिली होती, डोंगरावरचा वणवा आणि शेतातला राब.

राब म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर उन्हाळ्यात पालापाचोळा, वाळकं गवत, शेण पसरून ते पेटवतात. जमीन भाजून निघते, तण मरतं, रोप जोमानं येतं. भोर-वेल्ह्यात ज्याचं भात त्याचा राब. धूर होतो, आणि दरसाल होतो. वणव्याचंही तेच, दरवर्षी कुणीतरी डोंगराला काडी लावतोच. सुमनताई त्या दिवशी जे बोलल्या ते मला अजून ऐकू येतं. "डोंगर पेटला की ह्यांची भट्टी दिवसाढवळ्या चालती, सायेब. एरवी चोरून. आमाला आता वणव्याचं भ्या वाटत न्हाई, वणव्याच्या आडून येतं त्याचं वाटतं."

काका त्या कलमाच्या विरुद्ध नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे त्यांच्या नावावर बरंच काही खपवलं गेलं. "नियम वाईट नाही," ते म्हणाले. "एखाद्या साली कुठून तरी लांबची धूळ उडून इथवर आली, तर तिची शिक्षा इथल्या कुणाला कशाला? ते बरोबरच आहे. पण जे कॅलेंडर बघून येतं, ते अवचित कसं?" मग नेहमीप्रमाणे "दमलो गं" म्हणाले आणि अपिलाचा मजकूर सांगायला बसले.

सुनावणी पुण्यात झाली. सुनावणी घेणारे अधिकारी सज्जन होते आणि आमच्याइतकेच थकलेले होते. समोर फाइलींची चळत, डोक्यावर करकरणारा पंखा. कारखान्याच्या वकिलांना त्या दिवशी शेतकऱ्यांचा अचानक कळवळा आला. राब ही गरिबाची गरज आहे, निसर्गाशी जोडलेली गोष्ट आहे, तिचा धूर अपवाद म्हणून सोडून द्यावा, असं त्यांनी भरल्या गळ्यानं सांगितलं. अधिकाऱ्यांनी काकांकडे पाहिलं. "वकीलसाहेब, राब अपवाद धरला तर शेतकऱ्यांवर काही येत नाही. तुमचीच माणसं आहेत ती. कशाला त्यांना गोवता?"

काका उठले. "साहेब, दरवर्षी येतो त्याला पाहुणा म्हणत नाहीत, तो घरचाच. राब नेहमीचाच आहे, तो मोजा. वणवा मोजा, भट्टीही मोजा. आधी सगळं मोजायचं, कुणाचा धूर किती ते मग बघायचं. सुमनताईंच्या नवऱ्याच्या छातीत जो धूर जातो त्यातला एकही वगळला जात नाही." ते इतकं हळू बोलले, की टंकलेखकानं दोनदा "काय?" विचारलं. आम्ही हरलो. ते सगळे दिवस वगळलेलेच राहिले.

बातमी माझ्याआधी गावी पोचली, आणि पोचता पोचता तिचा अर्धा भाग गळून पडला होता. भोरच्या वकिलानं राब मोजायला सांगितलं, एवढंच उरलं होतं. मी घरी गेले तर आबा अंगणात दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुजा वकील म्हनला व्हय, राब मोजा म्हनून?"

"आबा, तसं न्हाई ओ..."

"तसं न्हाई तर कसं? कारखान्याच्या वकिलानं आमची बाजू घ्येतली, अन आपला मानूस आमच्यावरच उलाटला. उद्या राब बंद केला तर रोप काय तुज्या कोटाच्या खिशात टाकू?"

मी बसून दोराचं दुसरं टोक धरलं. आबांचं काय चुकत होतं? काकांचंही चुकत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी काकांवर चांगली चिडले. म्हटलं, तुम्ही न्यायाचं बोललात, पण ज्यांच्या शेतावर बोललात त्यांना आधी एका शब्दानं विचारलं का? काकांनी हातातली फाईल खाली ठेवली. मग म्हणाले, "नाही विचारलं. चुकलंच. तुझ्या वडिलांच्या बांधावर जाऊन बसायला हवं होतं, मग पुण्याला जायला हवं होतं." आपलं म्हणणं मात्र त्यांनी बदललं नाही. हाच त्यांचा त्रास होता. चूक कबूल करायचे आणि जागचे हलायचे नाहीत.

वेल्ह्याकडची माणसं हळूहळू यायची बंद झाली. कुणी भांडलं नाही की तोंडावर बोललं नाही. नुसती पुढची तारीख दुसऱ्या वकिलानं घेतली, की समजायचं. दारातल्या बाकावर पूर्वी सकाळी टेकायला जागा नसे, तिथं आता शेजारचं मांजर झोपू लागलं. काकू अजून सवयीनं मोठ्या पातेल्यात चहा टाकायच्या आणि मग आम्ही तिघं तो दिवसभर पीत बसायचो. काका एकदा त्या बाकाकडे बघत म्हणाले, "मांजराला विचार, वारा कुठून आहे." मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. एवढी वर्षं ज्यांच्यासाठी झिजले, त्यांनीच पाठ फिरवली, याचं मला फार वाईट वाटत होतं. त्यांना वाटत नसेल असं नाही, पण ते बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी राब भाजायच्या दिवसांत भोर-वेल्ह्यात एक प्रस्ताव आला. राबावर सरसकट बंदी. कारण दिलं होतं की कागदोपत्री वरव्याच्या भागातली उन्हाळ्यातली हवा केवळ राबाच्या धुरानं बिघडते. कागदोपत्री म्हणजे कुठल्या कागदांवर? तर वगळलेल्या त्या दिवसांच्या. अपवाद म्हणून राबाला ज्या कागदांनी सोडून दिलं, त्याच कागदांनी कारखान्याचा सगळा धूर आमच्या शेतांतून काढून दाखवला होता. काकांनी प्रस्ताव वाचला, चष्मा काढला. "माफ केलेला गुन्हासुद्धा नावावर राहतो, वेल्हेकर. माफी घेण्याआधी बघावं, गुन्हा आपला आहे का."

दुसरा कुणी असता तर 'मी म्हटलं नव्हतं का' करत गावभर फिरला असता. काकांनी पिशवीत औषधं टाकली आणि माझ्याबरोबर एसटीत बसले. तोवर त्यांची छाती फार बिघडली होती. फाट्यावर उतरून आमच्या शेतापर्यंत यायला आम्हाला दर झाडाखाली थांबावं लागलं. आबा राबावर पाचोळा पसरत होते. एका कडेला आधीच पेटवलेला तुकडा धुमसत होता. त्यांनी काकांना पाहिलं. राग होता, पण दारी आलेल्या माणसाला 'या' न म्हणणं आबांच्या रक्तात नाही.

"या. पर तिकडं सावलीला बसा. हितं धूर लागंल."

"लागू दे," म्हणत काका नेमके धुराच्या तोंडाशी बांधावर बसले. "मोजायला सांगणारा मीच ना? मग थोडा खाऊन बघतो." आणि असे खोकले, की आबा हातातलं टाकून पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

मग दोघं बांधावर बसून बोलले. म्हणजे काका बोलले आणि आबा काडीनं माती उकरत राहिले. "तुम्हाला विचारायला आधी यायला हवं होतं, आबा. उशिरा आलोय," काका म्हणाले. "तुमचा धूर मोजला तर तुमच्यावर काही येणार नाही, असं मी खोटं सांगणार नाही. येईल. पण तो तुमच्यापुरताच येईल. मोजलाच नाही, तर त्या भट्टीचाही तुमच्याच नावावर चढतो. आता चढलाय तसा."

आबांनी हातातली काडी टाकली. मग उठून पुन्हा पाचोळा पसरू लागले आणि आपल्याच नादात म्हणाले, "आज भाजून घ्येतो. उद्या पालखी निघती, मग हात लावता येत न्हाई."

"का?" काका म्हणाले.

आबांना हा प्रश्नच चमत्कारिक वाटला. आमच्या खोऱ्यातल्या, पार वरव्यापर्यंतच्या गावांची देवी एक आहे आणि पालखीही एक. चैत्रात ती देवळातून निघते, गावोगाव मुक्काम करते आणि परत देवळात जाईपर्यंत खोऱ्यात कुणी शिवारात आग लावत नाही. देवी रानातून चालत असते, तिच्या पायाला चटका नको. राब नाही, बांध पेटवणं नाही, कुणी बिडी ओढली तरी विझवून खिशात घालतो. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. पुराव्याला उपयोगी पडेल, असं काही त्यात आहे हे माझ्या वकिली डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ज्या हवेत आपण वाढतो ती आपल्याला कुठं दिसते!

काका बांधावरून उठले तेच माझ्या खांद्याचा आधार घेऊन. "मागच्या साली पालखी याच तिथीला होती?" "आमची पालखी कदी चुकली हाय?" आबा म्हणाले. आम्ही भोरला परतलो, यंत्राचे आकडे काढले. मागच्या वर्षी पालखीच्या त्या दिवसांत वरव्याची हवा वर्षातली सगळ्यात घाण होती, आणि ते सगळे दिवस 'राबाचा धूर' म्हणून वगळले होते. कारखान्याच्या पुण्यातल्या वकिलांनी चैत्र म्हणजे राब असं धरून सरळ रेघ मारली होती. त्यांना पालखी कुठून माहीत असणार?

आता हे सांगायला कुणीतरी उभं राहायला हवं होतं. आणि पालखीत आम्ही राब भाजत नाही असं सांगायचं, तर आधी एरवी भाजतो हे कबूल करावं लागणार. डोक्यावर बंदीची टांगती तलवार. गावात बैठक झाली. सगळ्यांना पटलं आणि एकेक जण चपला शोधू लागला. काका आबांना म्हणाले, "लिहिलं जाईल, नोटीस येऊ शकते. मी आग्रह करणार नाही." आबांनी टोपी काढून परत घातली. "खोटं तर बोलायला लावत न्हाईसा? मग येतो."

काकांनी पालखीचे आकडे जोडून पुण्याला फेरविचाराचा अर्ज केला. त्याच्या सुनावणीला आबा धुतलेलं धोतर नेसून आले. सुमनताई मागच्या बाकावर होत्या. कारखान्याच्या वकिलांनी आबांना सोप्या कचाट्यात धरायचं ठरवलं होतं.

"म्हणजे राब भाजता, हे कबूल?"

"व्हय. दरसाल. माजा बाप बी भाजायचा. लिवा."

"धूर होतो?"

"होतो की. आमी कुठं न्हाई म्हनलं?"

"मग पालखीच्या दिवसांत एखाद्यानं गुपचूप भाजला नसेल कशावरून?"

आबांनी त्यांच्याकडे मनापासून नवल करत पाहिलं. "गुपचूप धूर कसा करायचा, सायेब, ते आमाला न्हाई ठावं. तुमच्या कारखान्याला इचारा."

मागे कुणीतरी हसलं. अधिकाऱ्यांनी तोंडावर रुमाल धरला. काका हसले नाहीत. ते आबांकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नंतर माझ्या कानाशी म्हणाले, "इतकी वर्षं वकिली केली, असा साक्षीदार मिळाला नाही. वेल्हेकर, तू बाप चांगला निवडलास."

निकाल आला तो अर्धा आला. पालखीचे दिवस सरासरीत परत धरले, आणि त्याबरोबर वरव्याची हवा मर्यादेच्या बाहेर गेली. चिमणी आणि गाळणी नीट होईपर्यंत भट्टी बंद ठेवायचा हुकूम निघाला. सुमनताईंनी नवऱ्याची खाट अंगणात काढली. तो बरा झाला नाही, होणारही नव्हता, पण बाहेर बसू लागला. राबाला अपवाद म्हणायचं नाही, दरवर्षी मोजायचा, असंही निकालात होतं. सरसकट बंदी तूर्त बाजूला राहिली. बाकीचे वगळलेले दिवस मात्र वगळलेलेच राहिले, कारण त्यांना पालखीची साक्ष नव्हती. आणि आबांना नोटीस आली, उघड्यावर जाळल्याची. स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं ना.

आबांना तिचं फार काही वाटलं नाही. काकांना वाटलं. "ही मी लढणार," ते म्हणाले. "खरं बोलणाऱ्याला पहिली नोटीस जात असेल, तर उद्या कोण बोलेल? नियम करणाऱ्यांना हेच तर सांगायचंय मला. मोजा, पण जो स्वतः येऊन सांगतो त्याच्याकडे आधी काठी घेऊन जाऊ नका. त्याला दुसरी वाट दाखवा, मग धरा." आबांचं वकीलपत्र त्यांनी स्वतः घेतलं. तारखेला मी एकटी जाते म्हटलं की रागवायचे. दर तारखेला पुढची तारीख पडायची. एकदा कोर्टातून आले, कोट खुंटीला अडकवला, "दमलो गं, वेल्हेकर" म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दुसरी फाईल ओढली नाही. मी आतून चहा घेऊन आले, तर झोपले होते. त्यानंतर अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत.

श्रावणात गेले. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बायका स्मशानात जात नाहीत, म्हणेल कुणी. तू जा. त्यांना बरं वाटेल." नीरेकाठच्या स्मशानात बाररूममधले सगळे होते, सारोळ्याचा गंजीच्या खटल्यातून सुटलेला तो म्हातारा होता, सुमनताईंचा दीर होता. आणि एसटीनं आमच्या खोऱ्यातली माणसं आली होती, ज्यांनी दारातलं बाक रिकामं केलं होतं तीसुद्धा. परगावाहून आलेल्या काकांच्या मुलानं अग्नी दिला. लाकडं पावसानं दमट झालेली, ती काही केल्या धड पेटेनात. रॉकेल ओतलं तसा दाट पांढरा धूर उठला आणि शेडच्या पत्र्याखाली कोंडून खाली आमच्याकडे आला. लोक नाकाला रुमाल लावून मागे सरकले.

आबा सरकले नाहीत. ते होते तिथंच हात जोडून उभे राहिले, डोळ्यांतून पाणी गळत होतं, धुरानं की कशानं कोण जाणे. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "पोरी, ह्यो मातूर मोजू नगं म्हनावं."

मी मान हलवली. काकांनी हाही मोजायला लावला असता, हे त्यांना सांगणं माझ्यानं झालं नाही.